नाव घातलेला आहेर

इकडे या वं सगळ्याजणी. अशा भिंतीला टेकून लांब-लांब काहून बसल्या? सतरंजी पुढे ओढा, जवळ या, कारण मी आधी रागावणार आहे आणि मग सांगणार आहे. विहारात लुंबिनीच्या सहलीची वही फिरली तेव्हा बावीस नावं होती. स्टेशनवर आलो किती? नऊ. एकीचे गुडघे, एकीच्या नातवाचे पेपर, आणि एक तर म्हणाली, "तिकडं थंडी असते म्हणे." अगं बाई, त्यासाठीच तर स्वेटर असतो! मे महिन्यात नंदनवनच्या पत्र्याखाली भाजून निघता, आणि डोंगरातल्या थंडीला भिता?

तर तुम्ही आल्या नाही म्हणून मला लिहावं लागतं आहे; विहारात एकीनं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. मी चौथी शिकलेली. पुढचं वाचन शिकले ते कुलरच्या मोटारीवरच्या पट्ट्या वाचून. आमचं कुलरदुरुस्तीचं दुकान तुम्हाला माहीतच आहे. हे गेल्यावर बारा वर्षं मीच चालवलं. जशी बोलते तशीच लिहीन. शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या असतील तिनं आधी तिकीट काढावं.

मला लुंबिनीला जायचं होतंच, पण मनात दुसरं गाव होतं. धनमाया आठवते ना? तिचा नवरा आपल्या नागपूरच्या वाडी भागात एका ट्रान्सपोर्ट गोदामावर चौकीदार होता, आणि ती एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. अठरा वर्षं वाडीत भाड्याच्या खोलीत राहिली. जुना कुलर घ्यायला आमच्या दुकानात आली आणि म्हणाली, "ताई, आमच्या गावात थंडीले रडतात, आणि इथं लोक थंडी विकत घेतात!" त्या दिवसापासून मैत्री. सात वर्षांपूर्वी दोघं नवराबायको गावी परतली. नेपाळात, पाल्पा जिल्ह्यात, बांसडांडा नावाचं डोंगरमाथ्यावरचं गाव.

दिवाळीनंतर तिचा फोन आला होता. तिची सून सरिता दुसऱ्यांदा गरोदर होती. पहिल्या खेपेचं तुम्हाला कधी सांगितलं नाही. मागच्या हिवाळ्यात सरिताला कळा सुरू झाल्या, जीपमधून तानसेन शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेत होते, बाळ वाटेतच झालं. नवव्या महिन्याच्या आधीच, एवढंसं. घाटात गार वारा. दवाखाना येईपर्यंत ते बाळ थंड पडलं होतं.

"आता गावात आरोग्य चौकी झाली वं ताई," धनमाया फोनवर सांगत होती. "बाळ गरम ठेवायची मशीन पण आली. पण खोलीले कुलूप हाय. उद्घाटन नाई झालं म्हणते."

मला वाटलं, थट्टा करते आहे.

लुंबिनी

गोरखपूरपर्यंतची रेल्वे आणि सोनौलीच्या सीमेवरची धूळ सांगून तुमचा वेळ घेत नाही. एवढंच सांगते, की पायी चालत एका कमानीखालून गेलं की परदेश! मी एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून उभी राहिले तर शिपाई हसला, म्हणाला, "माताजी, या तो आइए या जाइए."

आणि लुंबिनी! बायांनो, जिथं भगवंतांचा जन्म झाला त्या जागेवर सकाळचं धुकं पसरलेलं, पिंपळाला पताका बांधलेल्या, आणि इतक्या लोकांच्या गर्दीत इतकी शांतता, की मला माझ्याच बांगड्यांचा आवाज मोठा वाटला. माझी आई दीक्षेच्या दिवशी मला पोटात घेऊन नागपूरच्या त्या मैदानावर उभी होती. मग मला वाटलं, आई, तू तिथवर आणलंस, पुढचं मी चालत आले. तिथल्या भंतेजींकडून आम्ही नऊजणींनी पुन्हा पंचशील घेतलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

मग आम्ही सायकलरिक्षात बसून विहार बघायला निघालो. एका बाजूला थायलंडचा, म्यानमारचा, दुसऱ्या बाजूला चीनचा, कोरियाचा, जर्मनीचासुद्धा! कुठं सोनं, कुठं पांढरा दगड, कुठं छताला ड्रॅगन. आपल्या भारताचाही आहे. मी तर पोरीसारखी टाळ्या वाजवत होते. रिक्षावाला माझ्याच वयाचा होता. मी विचारलं, "भाऊ, एवढ्या सगळ्यांनी इथंच काहून बांधलं?"

तो म्हणाला, "माई, भगवंतांनी घर सोडलं. आता सगळ्या देशांना त्या घरात एक-एक खोली पाहिजे."

"भाड्यानं?"

"छे! मालकीची. दारावर पाटीसकट."

मी हसले. पण पाटी हा शब्द डोक्यात राहिला.

बुटवल आणि वर

तिसऱ्या दिवशी बाकीच्या आठजणी लुंबिनीतच थांबल्या आणि मी एकटी निघाले. एकटी म्हणजे काय, जीपमध्ये अकरा माणसं आणि एक बकरी. त्याआधी बुटवलच्या बाजारात उतरले तर काय दिसावं? संत्री! पेट्यांच्या पेट्या, आणि पेटीवर नागपूर लिहिलेलं. माझं माहेर काटोलचं. मला राहवलंच नाही. फळवाल्या बाईला सांगितलं, "ही माझ्या माहेरची आहेत!"

ती पेटीवर हात ठेवून हसली. "अच्छा? तर मग आमच्या पहाडातल्या सुंतल्याला तुम्हीच मारलं. तुमचं मोठं, चमकदार, स्वस्त. आमचं लहान. लोक तुमचंच नेतात." तिकडे संत्र्याला सुंतला म्हणतात. तिनं एक लहानसा सुंतला सोलून माझ्या हातावर ठेवला. साल सैल, आतून नुसता मध आणि मागून चुटूक आंबट. मी गप्प खाल्ला. मोठ्या देशाची बाई असल्याचं मला आयुष्यात पहिल्यांदा जाणवलं, आणि ते काही फार गोड लागलं नाही.

जीपचा ड्रायव्हर मात्र एकदम बोलका. घाट सुरू झाला आणि तो एकेक दाखवायला लागला. "हा पूल इंडियाचा. हा रस्ता चीन करतोय. ती पाण्याची टाकी जपानची. ती शाळा अमेरिकेच्या पैशातून होणार होती, मदत थांबली, आता नुसते खांब उभे आहेत."

आपल्याकडे लग्नात आहेर पुकारायला एक माणूस माइक घेऊन बसतो ना, "अमुक यांच्याकडून पाच भांडी, तमुक यांच्याकडून घड्याळ", अगदी तसा.

मी विचारलं, "अन् नेपाळचं काय?"

"खड्डे आमचे!" तो म्हणाला, आणि त्याच क्षणी आम्ही एका खड्ड्यात गेलो. बकरीसकट सगळे हसलो.

बांसडांडा

आता नीट ऐका. त्या दिवशी मी पांढरी साडी नेसले होते, निळ्या काठाची. लुंबिनीसाठी म्हणून नेलेली, तीच अंगावर. हातात संत्रा बर्फीचं मोठं खोकं, दोरीनं बांधलेलं. जीप गावाच्या कमानीजवळ थांबली, मी खाली पाय ठेवला, आणि ढोल-सनई सुरू झाली!

खरंच. सनई, नगारे, वाकडं लांब शिंग. दोन्ही बाजूंना बायका झेंडूच्या माळा घेऊन उभ्या. एक टोपीवाले गृहस्थ पुढे आले, गळ्यात रेशमी उपरणं घातलं, वाकून नमस्कार केला. ते तिथले वडाध्यक्ष, म्हणजे आपल्याकडचा सरपंच म्हणा. मी मनात म्हटलं, बाप्पा! धनमायानं माझं किती कौतुक सांगितलं असेल! डोळे भरून आले माझे. एक चूक मात्र झाली. धनमाया त्या गर्दीत दिसत नव्हती, आणि मी ती कुठे आहे असं विचारलंच नाही. पाहुणचाराच्या भरात माणसाची अक्कल उपरण्याखाली झाकली जाते.

मला वाजतगाजत आरोग्य चौकीच्या अंगणात नेलं. नवीकोरी इमारत, कठड्यावर बोर्ड: चीनच्या सहकार्याने. दारावर लाल फीत, मधोमध फुगलेलं फूल. पण फुलावर धूळ. खुर्चीवर तिशीतली एक चिनी बाई बसलेली, डोक्यावरचं पिवळं हेल्मेट मांडीवर काढून ठेवलेलं. खालच्या रस्त्याच्या कामावरची इंजिनिअर, वेई नावाची. मला तिच्या शेजारी बसवलं. ती नेपाळीत गोड बोलली आणि मला सुंतला दिला.

मग वडाध्यक्षांचं भाषण. हिंदी-नेपाळी मिसळलेलं, मला बरंचसं कळत होतं. "आमचे दोन मोठे शेजारी... एकानं घर दिलं, एकानं मशीन दिली... आज शेवटी भारत सरकारच्या पाहुण्या इतक्या कष्टानं वर आल्या..."

भारत सरकार?

माझ्या घशात सुंतल्याची फोड अडकली. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे माझ्याकडेच पाहत होते.

तेव्हा लक्षात आलं; बारीकसारीक मागाहून धनमायानं सांगितलं. चार महिने ही फीत अशीच लटकलेली. घर चीनचं, मशीन आपली. आधी भारताच्या पाहुण्यानं फीत कापली तर रस्तेवाले रुसतील, रस्ता अर्धाच राहील. आधी चीनच्या माणसानं कापली तर आपली कबूल केलेली ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावाला जाईल. म्हणून दोघं एकाच दिवशी यावेत, अशी वडाध्यक्षांची धडपड. आणि दोन्हीकडच्या तारखा काही जुळेनात. आज जुळल्या, तर भारताचे पाहुणे खाली घाटात दरड कोसळल्यानं अडकलेले. आमची जीप त्याच्या आधी निसटलेली. घाटात फोनला रेंज नाही. आणि वर काय उतरलं? पांढऱ्या साडीतली, खोकं घेतलेली मी.

ताटात कात्री आली. खिडकीच्या काचेतून आतलं मला दिसलं. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं यंत्र, वर दिव्याची दांडी, खाली छोटीशी गादी. एवढीशी. मला मागच्या हिवाळ्यातली ती जीप आठवली, आणि ते बाळ.

उठून सांगायला हवं होतं, की बाबांनो, मी कोणी नाही. पण सांगितलं असतं तर कात्री परत ताटात गेली असती, ताट परत कपाटात. चौथं शील तर मी दोन दिवसांपूर्वीच घेतलेलं! पण बायांनो, मला विचारलं कोणी होतं का, की तुम्ही सरकारच्या का म्हणून? नव्हतं. मग मी खोटं कसं बोलणार? आधी कापते, मग सांगते, असं मी मनाशी ठरवलं.

आणि आपल्या गल्लीतली सवय अशी, की पिठाची गिरणी असो नाहीतर पार्लर असो, फीत कोणी एकटी कापत नाही. शेजारणीला ओढतोच. "तू पण धर वं," म्हणतो. तसंच माझ्या तोंडून निघालं. मी वेईचा हात धरला, कात्रीचं एक कडं तिच्या बोटात घातलं, एक माझ्या. ती दचकली, मग हसली. वडाध्यक्षांचं तोंड उघडंच. कच्च!

टाळ्या थांबल्यावर मला माइक दिला. "भारतातर्फे दोन शब्द."

मी म्हटलं, "मी नागपूरच्या नंदनवनची. कुलर दुरुस्त करते. मला सरकारनं नाही, धनमायानं बोलावलं आहे. या खोक्यात संत्रा बर्फी आहे, ॲम्ब्युलन्स नाही."

शिंगवाल्याची फुंक तोंडातच राहिली.

तेवढ्यात मागून पळत, पदर खोचलेली धनमाया आली. सात वर्षांनी पाहिलं तिला, केस पांढरे झालेले. ती सरिताच्या पाठीला तेल लावत घरी बसली होती आणि सनईचा आवाज ऐकून आली. तिनं मला पाहिलं, गळ्यातलं उपरणं पाहिलं, तुटलेली फीत पाहिली.

"काहून वं ताई! मी तुले माह्या घरी बोलावलं होतं, अन् तू इथं मंत्री बनून राहिली?"

आधी वेई हसली. मग बायका. मग सगळं अंगण. एकटे वडाध्यक्ष घामाघूम. "आता मी खाली काय सांगू? दोन्हीकडे काय सांगू?"

तेव्हा चौकीची नर्स, बिमला, उंच, शांत बाई, पायरीवर आली. ती म्हणाली, "सर, कापलेली फीत काही जुळत नाही." आणि कमरेची किल्ली काढून तिनं कुलूप उघडलं. चार महिने ती ती किल्ली कमरेला लावून फिरत होती.

प्लग

पण इतकं सोपं कुठलं! प्लास्टिक काढलं, मशीन भिंतीशी नेली, आणि बिमला माझ्याकडे वळून म्हणाली, "माई, घुसत नाही."

मशीनचा प्लग आपल्याकडचा, जाड तीन पिनांचा, मोठा. भिंतीतले सॉकेट सगळे लहान आणि चपटे. घर देणाऱ्यानं आपल्या पद्धतीचं घर दिलं, मशीन देणाऱ्यानं आपल्या पद्धतीची मशीन. दोघांनी एकमेकांना एकदाही विचारलं नाही, की तुझी पिन केवढी? चार महिने दोन्ही देश भांडत राहिले, आणि मशीन कोणाच्याच भिंतीत बसत नव्हती! मला इतकं हसू आलं, की मी खाली बसले.

पण हे तर माझं खातं होतं. माझ्या पर्समध्ये पावडर नसते, टेस्टर असतो. मशीनच्या मागची पट्टी वाचली, किती वॉट. छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर पाहिला. झेपत होतं. वेईला बोट दाखवून समजावलं, मोठा सॉकेट लागेल. ती म्हणाली तिच्या कॅम्पात बुटवलहून आणलेल्या हिटरसाठी लावलेला आहे. ती स्वतः मोटारसायकलवर गेली आणि तो भिंतीतून उपटून घेऊन आली. उपटून! मी म्हटलं, "तुझ्या हिटरचं काय?" तर म्हणते, "मी स्वेटर घालीन." तुम्ही ऐका, स्वेटर घालीन म्हणते ती.

दोघी मिळून बसवला. ती वायर धरायची, मी स्क्रू पिळायची. ती चिनीत काहीतरी पुटपुटायची, मी वऱ्हाडीत. मग मी अर्थिंग तपासलं, बल्ब लावून. अर्थिंग पाहिल्याशिवाय मी कुलर लावत नाही, तर जिथं बाळ झोपणार तिथं कशी लावीन? बल्ब लख्ख पेटला. बटन दाबलं. वरची दांडी हळूहळू लाल झाली आणि बिमलानं रिकाम्या गादीवर हात ठेवला. बराच वेळ उचललाच नाही.

धनमायाचं घर

तीन दिवस राहिले. धनमायाच्या अंगणातून हिमालय दिसतो. म्हणजे सकाळी दिसतो, दुपारी ढगात लपतो, आपल्याकडच्या प्लंबरसारखा. तिनं मला चुकौनी खाऊ घातली, उकडलेला बटाटा दह्यात कालवून वर मेथीची फोडणी. आपल्या कोशिंबिरीची डोंगरातली बहीण. वाळवलेल्या आंबट पालेभाजीचं कढण, गरम भात. आणि मी सावजीचा मसाला नेला होता. धनमायानं त्यात कोंबडी केली, तिच्या नवऱ्यानं रडत-रडत तीनदा वाढून घेतली. "वाडीची आठवण आली," म्हणे. डोळ्यांतलं पाणी आठवणीचं की तिखटाचं, ते त्यालाच माहीत.

मी माझी भेट काढली. येणाऱ्या बाळासाठी स्टीलची वाटी आणि चमचा. धनमायानं वाटी उलटी करून पाहिली. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतोच, मशीननं टिकटिक करत. वाटीच्या बुडाला लिहिलेलं: नागपूरच्या आजीकडून.

ती मोठ्यानं हसली. "बघ! तू पण पाटी लावलीच वं!"

मी लाजले बाई. दिवसभर चौकीत फिरून मी सगळ्या पाट्या वाचत नावं ठेवत होते. भिंतीवर एकाचं नाव, मशीनवर एकाचं, टाकीवर, वजनकाट्यावर. आणि माझ्या घरच्या मांडणीवर काय आहे? एकेका तांब्यावर देणाऱ्याचं नाव, आणि मी पण दिलेल्या प्रत्येक तांब्यावर माझं. का? उद्या आपल्या घरी कार्य निघालं की त्यांनी लक्षात ठेवावं म्हणून. मोठे देश काही वेगळं करत नाहीत. फक्त त्यांचा तांब्या मोठा, आणि परतीच्या आहेराची वाट ते फार दमानं पाहतात. कधी बाजार मागतात, कधी रस्ता, कधी मत.

धनमायाला हे सांगितलं तर म्हणाली, "ताई, आहेर देणाऱ्याचं नाव वाचायले मले येते. मी दोघांचं पण वाचते. पण माह्या सुनेनं एकाचं भांडं घासून दुसऱ्याले दाखवत बसायचं का? तिले बाळ पाहिजे."

तिसऱ्या दिवशी सकाळी सरिताला कळा आल्या. तारखेच्या आधी, पहिल्यासारख्याच. अंगणातल्या गवतावर दव गोठून पांढरं झालेलं. धनमाया फोनमध्ये जीपवाल्याचा नंबर शोधायला लागली, आणि तिला तो सापडेना. जी बाई दवाखान्यात शेकडो बाळंतपणं पाहून आलेली, ती गोंधळली. मी म्हटलं, "चल, आज जीप नाही बोलवायची. चालत पोचतो."

बिमलानं सरिताला आत घेतलं आणि आम्हा दोघींना बाहेर बसवलं. मी सुंतले सोलत राहिले. एकामागून एक, कोणी खात नव्हतं, तरी सोलत होते. खाली रस्त्यावरून वेई दोनदा येऊन विचारून गेली. वडाध्यक्ष कठड्याशी उभे, टोपी हातात.

अकराच्या सुमारास आवाज आला. बारीक, मांजरीच्या पिल्लासारखा. मग दार उघडलं. "छोरी," बिमला म्हणाली, "मुलगी. लहान आहे, पण रडते आहे." तिनं आम्हाला दारातूनच दाखवलं. लाल झालेल्या दांडीखाली, त्या एवढ्याशा गादीवर, मुठी आवळलेलं एवढंसं बाळ. धनमाया आत गेली नाही. दारातून बाहेर येणाऱ्या उबेत हात धरून उभी राहिली, आणि तो गरम हात तिनं माझ्या गालावर ठेवला.

नंदनवन

परत आले त्याला आठ दिवस झाले. परवा धनमायाचा फोन आला. खरे पाहुणे शेवटी पोचले म्हणे. वडाध्यक्षांनी घाबरत-घाबरत खरं ते सगळं सांगितलं, मीच तसं सांगून आले होते. पाहुणे पोट धरून हसले. आणि आता गंमत ऐका. फीत दोन हातांनी कापली हे दोन्हीकडे कळलं. ॲम्ब्युलन्स पुढच्या महिन्यात येते म्हणून निरोप आला, तर लगेच दुसऱ्या बाजूनं चौकीपर्यंतचा रस्ता आधी पक्का करतो म्हणून निरोप. चार महिने जे हललं नाही ते आठ दिवसांत! वडाध्यक्ष म्हणतात, यापुढे प्रत्येक फितीला नागपूरच्या आजीलाच बोलवायचं.

धनमाया म्हणाली, "दोघांले पण चहा पाजते, दोघांले पण हो म्हणते. मंग पाहू कोणाचं पहिले येते." तिला राजकारण कोणी शिकवलं नाही. वाडीत दोन घरमालकांच्या मधे अठरा वर्षं राहिली, त्यातच शिकली असेल.

पोरगी दूध पिते, वजन वाढतं आहे. पाचव्या महिन्यात तिला पहिला भात भरवतात, तिकडे मोठा समारंभ असतो. तो भात माझ्याच वाटीतून भरवणार म्हणे. मला बोलावलंय. आणि या वेळी मी एकटी जाणार नाही, सांगून ठेवते.

तर आता घरी बसून गुडघे चोळू नका. माझ्याकडे या. येताना वही आणा, बावीस नावं पुन्हा लिहायची आहेत आणि या वेळी खोडायची नाहीत. काटोलच्या लेकीनं पदरात बांधून नागपुरात संत्री आणली, हसा हवं तर, पण धनमायाच्या झाडाचे सुंतले आहेत. होते पंधरा, उरले चार. साल मऊ पडायला लागली आहे. लवकर या वं.